मोरीतले केस

धाकटी कॉलेजला जायची ठरली तेव्हा मला रडू आलं नाही, किळस आली. असं कुणाला सांगता येत नाही. म्हणून कुणी विचारलं की मी पदर डोळ्याला लावायचे, आणि लोक आपलंच म्हणायचे, शेवटचं लेकरू आहे, आईला होणारच.

किळस कसली ते कळायला माझं काम सांगावं लागेल. लवळ्याच्या डोंगरावर मोठाली कॉलेजं आहेत. त्यातल्या एका मुलींच्या होस्टेलात मी साफसफाईला आहे. सकाळी मारुंजीतून आम्हा बायकांना टेम्पो घेऊन जातो आणि संध्याकाळी आणून सोडतो. उन्हाळ्यात मुली घरी गेल्या की खोल्या धुऊन काढायच्या असतात. पलंगाखाली हात घातला की काय लागेल ते सांगता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात स्टीलचा डबा लागला. झाकण चिकटलेलं, गुडघ्यात धरून उघडलं तर आत लाडू. लाडवांवर हिरवी लव आलेली, आणि वास असा की मी डबा तसाच टाकून गॅलरीत गेले. कुणाच्या तरी आईनं मंद आचेवर बेसन भाजलं असणार, हात भरून आला असणार तिचा. पोरीनं एक लाडू अर्धा खाल्ला होता. दाताची खूण दिसत होती.

बादलीत भिजत घातलेले कपडे तर नेहमीचेच. पाण्यावर साय धरते. बेसिनमध्ये नूडल्स, खिडकीत नखं. आणि मोऱ्यांतले केस. केस एकटे येत नाहीत. साबण, कातडी, अंगाचा मळ, सगळं त्यांना धरून बसलेलं असतं. हँगरच्या तारेला आकडा करून आत घालायचा आणि ओढायचं, मग उंदराएवढा काळा गोळा वर येतो. तो उघड्या हातानं सोडवायचा. किती वर्षं करते आहे, पण त्या गोळ्याकडं पाहिलं की अजून घशाशी येतं.

ह्या मुलींचं मी वाईट चिंतत नाही. सातवीतून शाळा सुटलेली बाई मी, लातूरकडच्या खेड्यातून नवऱ्याच्या मागं इकडं आलेली. मला कोण काय देणार होतं. त्यांच्या घाणीवर माझ्या घरातला दिवा लागला, हे मी देवापुढं रोज म्हणते. एकदा मला जिन्यातच ताप भरला, तर एका मुलीनं खोलीत नेऊन आपल्या पलंगावर निजवलं, आपली चादर घातली, गोळी दिली. कॉलेज बुडवून बसली माझ्यापाशी. आणि हीच मुलगी बादलीत कपडे कुजवण्यात सगळ्यांत पुढं. काय करायचं आता. तिच्या चादरीलाही वास येत होता, पण मी निजले.

आमची थोरली गावाकडं दिलेली. मधला घोटावड्याच्या एका कारखान्यात लागलाय. नवरा हिंजवडीच्या कंपनीची बस चालवतो. राहिली होती धाकटी. तिला पार विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात जागा मिळाली. सासर-माहेर दोन्ही घरांत कॉलेजच्या होस्टेलात राहायला जाणारी ती पहिली. नवऱ्यानं पेढे वाटले. मी वाटले नाहीत, मी तिच्या मागं मागं फिरत होते आणि बघत होते.

बघायला नको होतं. तिच्या कंगव्यात केसांचा गुंता. चहाचा कप खिडकीत, तळाला साय वाळून चिकटलेली. ओला टॉवेल पलंगावर. साबणाच्या वडीला केस. ही घाण काही नवीन नव्हती, ती होतीच. पण आजवर ती मला घाण वाटली नव्हती. हिची दुपटी मी नाक न मुरडता धुतली. हिला गोवर झाला तेव्हा हिनं ओकलेलं मी ओंजळीत धरलं, गादी खराब होऊ नये म्हणून. आणि आता साबणावरचा केस बघून मी वडीला हात लावत नव्हते. मी तिच्याकडं कामावरच्या डोळ्यांनी बघायला लागले होते. अजून घरातून गेली नव्हती, तरी माझ्या नजरेला ती होस्टेलची मुलगी दिसत होती. कुठल्याशा गावात कुणी बाई तिच्या पलंगाखाली हात घालील आणि थुंकेल, एवढंच मला दिसायचं.

मी ठरवलं, जायच्या आधी हिला मोरी काढायला शिकवायची.

"आज मोरी तू काढ," मी म्हटलं.

"मी?"

"केस तुझे आहेत."

"तुझे पण असतील की."

"माझे राहिलेत किती."

तिनं दोन बोटांनी जाळी उचलली. मी तार हातात दिली. आत घातली, ओढली, गोळा अर्धा वर आला आणि तिनं तार टाकून अंगणात धाव घेतली. आम्ही राहतो ती खोली इथल्याच एका शेतकरी घराची. शेतात आता इमारती उभ्या राहिल्यात आणि घराच्या मागं खोल्यांची रांग. मालकीणबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. धाकटी त्यांच्यासमोरच वाकून ओकाऱ्या काढायला लागली.

"काय गं झालं पोरीला?"

"मोरी काढायला लावली, काकू."

"आगं लातूरकरीण, पोरगी कालेजात चाललीया का गटारं उपसायला?"

"बघा ना आजी," धाकटी तोंड पुसत म्हणाली. "दोन दिवसांवर जाणं आलंय आणि हिचं हे चाललंय."

"माझ्या सुना बघ. येकीनं तरी कदी मोरीला हात लावलाय? बाई येती, ती करती. तुझी आई लई इपरीत हाय बग."

"बाई करते म्हणूनच," मी म्हटलं.

मग धाकटी बोलली ते बोलली. "आई, तिथं फीमध्ये सगळं धरलेलं असतं. त्यासाठी माणसं असतात."

माणसं असतात. कामावर हे वाक्य मला रोज ऐकू येतं, कधी असंच, कधी थोडं गोड करून. त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. पण ज्या तोंडात मी घास भरवले त्या तोंडातून ते आलं, आणि मला त्या तोंडाकडं बघवेना. तिलाही कळलं असावं. शेंगांची टरफलं पायानं गोळा करत म्हणाली, "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच होतं."

आत जाऊन मी तो गोळा काढला. मोरीवर पाणी ओतलं. संध्याकाळी नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "लेकरू चाललंय, आता असं बोलावं का?"

"मग कधी बोलावं, शिकून आल्यावर?"

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

लाडवांवरूनही झालं. "लाडू करणार आहेस ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"सगळ्यांच्या आया देतात."

"सगळ्यांच्या आयांचे मीच फेकते."

मी वाटेसाठी धपाटे केले आणि शेंगदाण्याची चटणी, तेवढंच. बेसनाचा डबा फळीवरून काढायचं धाडस मला होईना. भाजायला घेतलं असतं तर तो हिरवा वास आला असता. शेवटी मालकीणबाईंनीच लाडू वळले. डबा धाकटीच्या हातात देऊन, मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आई दगडाची हाय, आजी न्हाई."

मी तिच्या बॅगेत फिनेलची बाटली, संडासाचा ब्रश, आकडा केलेली तार आणि एक नवी छोटी केरसुणी भरली होती. मालकीणबाईंनी केरसुणी पाहिली आणि उपसून बाहेर काढली. "जाणाऱ्या लेकराच्या सामानात केरसुणी घालत्यात व्हय? लक्षुमी हाय ती. घरातनं भायेर लावती का तिला?" अशा गोष्टींना मी फार भिते. गुपचूप केरसुणी कोपऱ्यात ठेवली. ब्रश राहू दिला. संडासाच्या ब्रशात कुठली देवी असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तिला पोचवायला मधला गेला. मला सुट्टी नव्हती, कारण आमचं होस्टेलही त्याच आठवड्यात उघडणार होतं. संध्याकाळच्या गाडीला वाकडला हायवेवर उभे राहिलो. ती पाया पडली. जवळ घ्यावं म्हटलं तर तिच्या खांद्यावर एक सुटा लांब केस दिसला. मी आधी तो चिमटीत धरून काढला आणि मग टाकू कुठं कळेना. तेवढ्यात गाडी आली, मधल्यानं बॅगा डिकीत लोटल्या, ती चढली. खिडकीतून हात हलवत होती आणि मी मूठ मिटून उभी. घरी येऊन कचऱ्यात टाकला. हात धुतले. मग परत धुतले.

सकाळी लवळ्याला गेले तर आवारात गाड्यांची रांग. आया, बाप, उशा, बादल्या. मी खोल्या पुसत फिरत होते. एका खोलीत एक बाई पलंगावरची चादर हातानं सारखी करत बसली होती. कुठल्याशा शहरातून आलेली, नोकरी करणारी असावी. डोळे सुजलेले. मुलगी गॅलरीत फोनवर. मला बघून ती उठली. "मावशी, हिच्याकडे लक्ष ठेवा हं. घरी हिनं कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नाही." हे तिनं कौतुकानं सांगितलं, सोनं दाखवावं तसं.

"ताई, तिला एकदा मोरी काढून दाखवा," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं.

ती हसली. "अहो, त्याला तर तुम्ही आहात." आणि डबा उघडून एक लाडू माझ्या हातावर ठेवला. साजूक तुपातला, ताजा, अजून ओलसर. बाई वाईट नव्हती. रात्रभर जागून केले असतील तिनं. मी तिच्यासमोर तुकडा तोंडात घातला आणि तो खाली उतरेना. जिना उतरून गेले, झाडाखाली थुंकले. अन्न थुंकलं म्हणून स्वतःचीही शिसारी आली. उरलेला लाडू मुंग्यांना ठेवला.

धाकटीचे फोन यायचे, पण दोन मिनिटांचे. जेवले, झोपले, बरं आहे. मोरीचं मी विचारत नव्हते. विचारलं आणि तिनं पुन्हा तेच वाक्य म्हटलं तर, ह्या भीतीनं मी नुसती जेवणाचं विचारायचे.

मग एका रविवारी दुपारी तिचा फोन आला तो चिडलेलाच.

"आई, इथल्या मावशी मलाच का सांगतात?"

"काय सांगतात?"

झालं होतं असं. पहिल्याच दिवशी हिनं त्यांच्या मजल्यावर झाडायला येणाऱ्या बाईला सांगून टाकलं होतं, माझी आई पण होस्टेलात हेच काम करते. बाईला बरं वाटेल, आपल्याशी गोड वागेल, असं हिला वाटलं. ती बाई काय म्हणाली ते धाकटीनं तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं. "मंग तुले त समजते. तुई मोरी तूच काढत जा."

मला हसू फुटलं. ती बाई मला न बघताच आवडली.

"हसू नको. बाकीच्या मुलींना काही बोलत नाहीत. त्यांच्या खोल्यांतल्या मोऱ्या काढतात, माझ्या खोलीतली सोडून जातात. पाणी तुंबलं माझ्या मोरीत. काल काढायला गेले तर उलटी झाली. ती पण मलाच पुसावी लागली."

"लाडू पडले असतील आजीचे."

"लाडू कधीच संपले. मुलींनी पहिल्या दिवशीच संपवले."

"डबा धुतलास?"

"धुते." मग तिचा आवाज खाली आला. "आई, तू कसं काढतेस गं?"

"तोंडानं श्वास घ्यायचा. तार आत गेली की दुसरीकडं बघायचं. झटका द्यायचा नाही, तुटतं आणि निम्मं आतच राहतं. सावकाश."

"ते नाही. तुला किळस कशी येत नाही?"

"येते की."

"म्हणजे अजून?"

"रोज येते."

पलीकडं कुणी मुली जिन्यात हसत गेल्या, तेवढा आवाज आला. मी दारात बसले होते. समोर मालकीणबाईंच्या अंगणात भाडेकऱ्यांच्या मोटरसायकली लागल्या होत्या. एकाच घरात एवढी वर्षं राहिलो आम्ही. संध्याकाळी आले की मी कोपरापर्यंत साबण लावते, हे तिनं जन्मापासून पाहिलं असेल.

"मला वाटायचं तुला येतच नाही," ती म्हणाली. "म्हणून तू हे काम करू शकतेस."

तिला तसं वाटू दिलं ते मीच. घरी येऊन कामावरचं काही बोलायचं नाही, जेवणावर वास नको, असं माझं होतं. पण ते मी फोनवर म्हटलं नाही. फोनवर मला लांबलचक बोलता येत नाही.

"आई?"

"आहे."

"इथं बाजारात रबरी हातमोजे मिळतात. मी आणू का?"

"आण," मी म्हटलं. "दोन जोड आण. एक त्या बाईला दे."

"तिला बसतील?"

"बसतात. रबर ताणतं."