डावीकडे ओढणारी मॅटॅडोर

साताऱ्याहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "भिवंडीत बघण्यासारखं काय आहे गं?" मी म्हटलं, "माझा भाचा आहे." धाकट्या बहिणीची, कुंदाची, कूस दोनदा रिकामी झाली होती. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत झाला, आणि वज्रेश्वरीला बोललेला नवस फेडायचा म्हणून तिनं मला बोलावून घेतलं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी जात्याच भित्री. घाटात एसटीनं जोरात वळण घेतलं तरी माझ्या तोंडून रामरक्षा सुरू होते.

भिवंडी डोळ्यांआधी कानांना भेटते. स्टँडवर उतरल्यापासून कुंदाच्या घरापर्यंत गल्लोगल्ली लूमचा (यंत्रमागांचा) खडखडाट सोबत होता. कुंदा झेडपीच्या शाळेत मास्तरीण म्हणून इकडे आली आणि इथलीच सून झाली. तिचे यजमान दिनकरराव जुन्या मॅटॅडोर व्हॅनमधून कापडाच्या गाठी पोचवायचे. संध्याकाळी खालच्या कोकणी मुसलमान घरमालकीणबाईंनी पाहुणीसाठी सांदणं (तांदळाच्या रव्याच्या, नारळाचं दूध घालून वाफवलेल्या गोडसर इडल्या) पाठवली. ती मी एकटीनं अर्धी संपवली. दुसऱ्या दिवशी घशाखाली घास उतरणार नाही, हे तेव्हा कुठं माहीत होतं?

त्याच संध्याकाळी मी दिनकररावांबरोबर गॅरेजला गेले होते. गाडीचे पुढचे टायर आतल्या बाजूनं झिजले होते, म्हणून देवीला जाण्याआधी अलाइनमेंट (चाकं एका रेषेत आणणं) करून घ्यायची होती. रस्त्याच्या कडेलाच गॅरेज, आणि आमच्यामागे आणखी गाड्या खोळंबलेल्या. मेकॅनिकनं चाकांना सूत लावलं, खाली शिरला, काहीतरी पिळलं आणि बाहेर आला. गाडी फिरवून आणली तर चाकं सरळ असताना स्टिअरिंग वाकडं! मग त्यानं काय करावं? स्टिअरिंगच उपसून काढलं आणि सरळ करून परत बसवलं.

"अहो, हे म्हणजे घड्याळ मागं पडलं म्हणून काटे फिरवण्यासारखं झालं," मी म्हटलं.

"बहनजी, देख लो, एकदम सीधा है," तो हसत म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

दिनकररावांनी पैसे चुकते केले. सकाळी लवकर निघायचं होतं.

सकाळी निघालो. मी पुढं दिनकररावांशेजारी, मागं कुंदा, तिच्या मांडीवर बाळ, आणि बाळाची आजी, दिनकररावांची आई. त्यांना मी मावशी म्हणायची. पायाशी गुळाच्या ढेपा, कारण बाळाची गुळानं तुला करायची होती. गाव सुटलं, भात कापलेली शेतं लागली, हवेत गारवा होता. बघायला खूप होतं, पण माझं लक्ष एकाच गोष्टीवर खिळलं. स्टिअरिंग जरा सैल पडलं की गाडी डावीकडं सरकायची. दिनकरराव तिला मधे आणायचे, की पुन्हा सरकायची. रस्त्याच्या कडेची धूळ आमच्या चाकाखाली उडायची आणि मी सीटची कड घट्ट धरायची.

"दिनकरराव, गाडी ओढतेय का हो?"

"काय न्हाय, अक्का. रस्ताच तसा हाय."

तेवढ्यात डाव्या हाताला शेंदूर फासलेला एक देव आला आणि गाडी नेमकी तिकडं झुकली. मागून मावशींनी हात जोडले. "बघ बघ, देवीचा ओढा हाय! नवसाचा पोर हाय ना, वाटेतला एकेक देव बोलवते हाय त्याला."

मावशी मूळच्या दिघाशीच्या, म्हणजे हा सारा मुलूख त्यांच्या माहेरचा. इथल्या देवांचं त्यांच्यापुढं मी काय सांगणार? पुढं गाडी खड्ड्यात आदळून हातभर डावीकडं गेली, तेव्हा समोर ना देव होता ना देऊळ, एक म्हैस होती. ती दचकून बाजूला झाली. मावशींनी तिलाही हात जोडले असते, पण बाळ रडायला लागलं.

अंबाडीच्या नाक्यावर चहाला थांबलो. बाकड्यावर बसलेला एक धोतरवाला म्हातारा आमच्या गाडीकडं टक लावून बघत होता.

"गाडी तुमची काय?" त्यानं विचारलं. "खेकड्यावानी तिरपी येत व्हती. चाक बघा जरा."

गरम भजी माझ्या पुढ्यात तशीच राहिली. मी दिनकररावांना बाजूला घेतलं. "माघारी फिरू या. नाहीतर गाडी इथंच ठेवू, पुढं एसटीनं जाऊ."

त्यांनी आईकडं पाहिलं. मावशींनी ऐकलं होतंच. "नवसाला निघालेली गाडी माघारी फिरवत न्हाय, बाय. दोन गेलीत तिची. आता अपशकुन नको." कुंदानं मान खाली घातली. तिच्या बाजूनं बोलायला मीच होते, आणि मीही उठून गाडीत बसले.

अंबाडीला वज्रेश्वरीचा फाटा डावीकडं फुटतो. तिथं तर गाडी आपणहून वळल्यासारखी वळली आणि मावशींनी "आई माझे!" म्हणून जयघोष केला. पुढं रस्ता अरुंद झाला. समोरून एक ट्रक आला. दिनकररावांनी गाडी कडेला घेतली, ती कडेला थांबेचना. डावं चाक उतारावर घसरलं, सगळी गाडी माझ्या अंगावर कलल्यासारखी झाली, आणि मागं कुंदा ओरडली. कशीबशी गाडी वर आली. वळून पाहिलं तर कुंदानं बाळाला इतकं घट्ट धरलं होतं, की त्याच्या रडण्याचा आवाजही फुटत नव्हता.

माझा धीर सुटला. आणि धीर सुटला, तेव्हाच अक्कल सुचली.

"थांबा!" मी ओरडले. "मावशी, तुम्ही म्हणता तेच खरं. देवी ओढतेय. पण ती रस्त्याखाली का ओढतेय? उतरा म्हणतेय! नवसाचं पोर गाडीत बसवून आणता, चालत आणा म्हणतेय."

मावशींनी उताराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "चल गं कुंदा. चपला गाडीतच ठेव."

आम्ही उतरलो. मी दिनकररावांनाही म्हटलं, "तुम्हीही उतरा. गाडी राहू दे इथं."

"आनि गूळ कोन आनील? देवी?" ते हसले. आईसमोर हसायला हवं म्हणून हसले, एवढंच. गाडी हळूहळू पुढं गेली.

आम्ही अनवाणी चालत होतो. पुढं ओढ्यावर मोरी (लहानसा पूल) होती आणि मोरीला कठडा नव्हता. गाडी मोरीच्या अलीकडं पोचली, आणि आमच्या डोळ्यांदेखत, जराही न घुटमळता, डावीकडं वळून रस्त्याखाली दिसेनाशी झाली. आधी आवाज आला नाही. मग आला.

मावशी मटकन खाली बसल्या. कुंदाच्या हातात बाळ होतं, तिला पळता येईना. मी पळाले. खडे टोचत होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार, आता कुंदाला काय सांगू? मोरीपाशी जाऊन खाली बघायची हिंमत होत नव्हती. शेवटी बघितलं.

गाडी ओढ्याच्या काठावर नाक खुपसून उभी होती. दिनकरराव आत बसलेले, कपाळातून रक्त येत होतं, आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं. शेतातली माणसं धावून आली, त्यांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. एकानं वाकून खाली बघितलं. चाकं जोडणाऱ्या, काल पिळलेल्या दांडीचा नट कुणी आवळलाच नव्हता. आटे सुटत सुटत दांडी निखळली होती. एक चाक ओढ्याकडं, एक रस्त्याकडं. स्टिअरिंग मात्र सरळ होतं.

गुळाच्या ढेपा शेतातल्या माणसांनी देवळापर्यंत आणून दिल्या आणि नवस फेडला. डोक्याला पट्टी बांधलेल्या बापानं गुळासमोरच्या पारड्यात पोराला बसवलं. मावशी देवळात भेटेल त्याला सांगत होत्या, की देवी सुनेच्या बहिणीच्या तोंडून बोलली. दोघीतिघी माझ्या पाया पडल्या. मला पाय कुठं लपवू असं झालं.

परतताना एसटीत दिनकरराव माझ्याशेजारी बसले होते. मावशी आणि कुंदा पुढच्या बाकावर झोपल्या होत्या. ते हलकेच म्हणाले, "अक्का, देवी खरंच बोलली काय तुमच्याशी?"

"नाही हो. मला भीती वाटत होती."

त्यांनी झोपलेल्या आईकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मलाबी. गाव सुटल्यापासनं. पोर मागं, आई म्हनते देवी हाय... कसा बोलनार?"

मला राग आला, आणि त्यांच्या हातांकडं बघून तो ओसरलाही. पुढच्या बाकाचा दांडा ते अजून स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी धरून होते.

आता मी कुणाच्याही गाडीत बसले आणि गाडी जराशी ओढल्यासारखी वाटली, की आधी मोठ्यांदा सांगते, मला भीती वाटतेय. गाडीतले सगळे हसतात. चालवणारा बहुधा हसत नाही.