उडणाऱ्या माणसाची कंबर

बाळांनो, तुम्ही सुचवलेला सिनेमा काल पाहिला. त्यातला तो शूरवीर सारखा अंधारात उभा असतो आणि एकदाही हसत नाही. "आजी, हेच जास्त खरं वाटतं," असं तुम्ही म्हणाला होतात. मला मात्र दिग्रसच्या आपल्या घरातली एक दुपार आठवली.

कापसाची ती वाईट वर्षं होती. रोज सायकलने शेतावर जाणाऱ्या, शेजारच्या विमलच्या भावाने फवारणीचं औषध पिऊन जीव दिला होता. तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती. तुमच्या आजोबांनी मुद्दाम उडणाऱ्या माणसाचा एक जुना, गमतीदार इंग्रजी सिनेमा आणला आणि मायलेकींना बोलावलं. मी एकेक वाक्य नीट मराठीत सांगत होते. पिवळ्या अंगरख्यातल्या त्या माणसाने गच्चीवरून पडणारी बाई अलगद झेलली, तेव्हा त्याच्या वतीने आजोबाच बोलले, "सावकाश पडत जा ना वं बाई, माही कंबर लचकली."

विमल खळखळून हसली. लगेच तिने ओढणी तोंडावर दाबली, जणू चोरी पकडली गेली. तिच्या आईने तो हात हळूच खाली ओढला. "हास वं पोरी. तुह्या दादाले राग नाई येत."

तेव्हा मला वाटलं, आपण जिंकलो. आता ती दुपार आठवते, तेव्हा मला विमल दिसत नाही, तिची आई दिसते. तिने सिनेमा पाहिलाच नव्हता. ती सारा वेळ उघड्या दाराकडे तोंड करून बसली होती, आणि रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की अर्धवट उठत होती.