उद्याच्या गाडीनं सुनंदाचा भाऊ येतोय

मंडळी, सकाळपासून मनात धास्ती बसलीय, म्हणून लिहितोय.

मी बमरोलीला कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात आहे. माझी मिसेस सुनंदा सत्तेचाळीसची. वर्षभर मधूनच तिच्या अंगाची आग व्हायची, घामानं ब्लाउज भिजायचा, झोप लागायची नाही. बारीकसारीक गोष्टींवरून माझ्यावर ओरडायची. हात लावला तर झटकायची. गेल्या आठवड्यात मी चिडून नंदुरबारला तिच्या भावाला फोन केला, तिला घेऊन जा, डोकं फिरलंय तिचं, असं आमच्या बोलीत सांगितलं, "तुमनी बहीणले लई जा. तिनं डोकं फिरी गयं."

आज ती मला डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम म्हणाल्या, "पाळी जायच्या वयात असं होतं. औषध आहे, पण घरच्यांनी समजून घ्यायला हवं."

रिक्षात मी म्हटलं, "मला आधी सांगायचंस ना."

"तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला आले, तेव्हा तुम्ही दादाशी फोनवर बोलत होतात."

घरी येऊन तिनं स्वतःच भावाला बोलावून घेतलं. मी माफी मागितली. "बरं," एवढंच म्हणाली.

दुपारपासून ती डब्यांवर कागद चिकटवतेय. हळद. तूरडाळ. चहा. मला काही सापडत नाही ना, म्हणून. कुकरच्या शिट्ट्या किती, तेही लिहून ठेवलंय.

मी विचारलं, "परत कधी येशील?"

ती डिंक लावत राहिली.

ताईंनो, तुमच्यापैकी कुणी अशी निघून गेल्यावर परत आलीय का? कशामुळे आलात, तेवढं सांगा. गाडी सकाळीच पोचते.