शेळ्यांचा पहिला महिना

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चहाच्या वेळी एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी बघावं तर लग्नाच्या पंगतीत लोक आपल्याला गाठून म्हणतात, "तो गन्नेवाला सांग ना!" मी सांगतो. लोक हसतात. हल्ली मात्र सांगता सांगता माझेच कान गरम होतात, कारण यातल्या बहुतेक किश्श्यांत ज्याचं हसं झालं तो मीच आहे. आणि एका किश्श्यात हसण्यासारखं काहीच नाही. तो मी लग्नात सांगत नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची छोटीशी संस्था होती. तिथे बसून आम्ही आफ्रिकेतल्या मलावी देशाची शेती करायचो. म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांची माहिती फॉर्ममध्ये भरून यायची. जमीन किती, मका किती, शेळ्या किती, घरात काम करणारे हात किती. ती आम्ही कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये घालायचो आणि त्याला विचारायचो, या घराने काय केलं तर त्याचं भलं होईल? उत्तर तिकडच्या चार गावांत जाणार होतं. शेळ्या ठेवाव्यात, की शेळ्या विकून मक्याला खत घालावं, एवढाच प्रश्न. शेळ्या तिथे बायकांच्या असतात. त्या बायकांना आमचं उत्तर समजावून सांगायचं काम एस्तेर नावाच्या बाईंचं होतं. त्या चारांपैकीच एका गावात राहायच्या. फॉर्मही त्याच भरायच्या, अक्षर मोत्यासारखं.

आमच्यापैकी कुणी मलावी पाहिलेला नव्हता.

*

मलावी सोडा, आम्ही शेजारचं डबरा गाव तरी कुठे धड पाहिलं होतं?

जोगळेकर सर आमचे डायरेक्टर. अर्थशास्त्रात पीएचडी, स्वभावाने सज्जन. एकदा त्यांनी ठरवलं की स्टाफला शेताची ओळख हवी, आणि आम्हा सगळ्यांना जीपमध्ये कोंबून डबऱ्याच्या रस्त्याने नेलं. मी पीक विभागाचा. मक्याची लागवड, दोन ओळींतलं अंतर, एका एकराला किती मजुरी, सगळं तोंडपाठ. रस्त्याकडेला हिरवंगार उंच पीक दिसलं तशी मी जीप थांबवली आणि नव्या दोघांना मक्यावर चांगलं दहा मिनिटं लेक्चर दिलं. सरही मान डोलवत होते.

ड्रायव्हर बिडी विझवून म्हणाला, "भैया, ये गन्ना है."

तोवर मी मलावीत तीन वर्षं मका पिकवत होतो.

*

त्याच सुमारास माझ्या लग्नाचं बघत होते. शहरातल्याच गोरखी भागातल्या एका घरचं स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा करतो काय? आईला माझं काम कधीच नीट समजलं नव्हतं. तिने अभिमानाने सांगितलं, "आफ्रिकेत शेती आहे त्याची."

ते गृहस्थ सरसावून बसले. बिघे किती? पाणी आहे का? बघणारा माणूस कोण आहे? मी तिथेच बसलो होतो. एका वाक्यात खुलासा झाला असता. पण त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आदर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, म्हणून मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिलो. बोलणी दोन महिने पुढे सरकली.

खरं कळल्यावर ते आईला म्हणाले, "मुलगा खोटं बोलला असता ना वहिनी, तरी आपण मान्य केलं असतं. हा तर बोलायच्या वेळी गप्प बसतो."

*

आमचा पशुधन विभाग शहरातच, पण माधवगंजात वेगळ्या जागेत होता. तिथले प्रमुख इंगळे. पणजोबा फौजेत होते, म्हणून इंगळ्यांची चाल अजून तशीच होती. घरी दोन म्हशी, त्यामुळे सगळ्या संस्थेत जनावराला हात लावलेला हा एकच माणूस.

शेळीचं मॉडेल पहिल्यांदा बनलं तेव्हा सरांनी ते स्वतः मांडून इंगळ्यांकडे पाठवलं. त्यात शेळीचं दूध होतं, लेंडीखत होतं, विक्री होती. इंगळे कागद घेऊन तसेच सायकलवर खासगी बाजारात आले.

"सर, यात खाण्याचं कुठेच नाहीये."

सर म्हणाले, आहे की, चारा लिहिलाय.

"शेळीचं खाणं नाही हो सर. शेळीला खाणं."

सर शुद्ध शाकाहारी. त्यांच्या हातून तो रकाना झालाच नव्हता. ते म्हणाले, हा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे का?

"सर, मग ते लोक शेळी पाळतात कशाला? दर्शनाला?"

सरांनी लाल होऊन रकाना वाढवला. त्याला नाव दिलं, 'इतर घरगुती उपयोग'.

*

मग वरून आदेश आला की पीक वेगळं, जनावर वेगळं असं चालणार नाही. शेतकरी एक आहे, तेव्हा मॉडेलही एक करा. आणि मॉडेल एक, तर विभागही एक करा. सरांनी सर्क्युलर काढलं. त्यात शब्द होता, 'विलीनीकरण'.

हा शब्द आमच्या गावात जपून वापरायचा असतो. इंगळ्यांनी सर्क्युलरवर सही केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या वडिलांनी एक विलीनीकरण बघितलंय. त्यात संस्थान गेलं, मग राजधानी भोपाळला गेली. आता आपली खुर्ची कहाँ जाती है, देखते हैं."

खुर्ची आमच्या हॉलमध्ये, जिन्याजवळ आली. खिडकी पीक विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे, राहिली. पंखाही आमच्याच बाजूला. इंगळे तिथे जाऊन बसले, पण त्यांच्या माणसांनी आमच्या माणसांशी बोलणं टाकलं, आणि आम्हीही मग कशाला वाकतोय? एका हॉलमध्ये, चार हातांवर बसून, आम्ही एकमेकांना फ्लॉपी चपराश्याबरोबर पाठवायचो. वर चिठ्ठी, 'पशुधन, महिने १ ते १२, कृपया जोडून घेणे.'

मी जोडून घेतले. उठून चार पावलं जायचं आणि विचारायचं, हे मला कमीपणाचं वाटलं. हे आज लिहितानाही वाटतं की पुसून टाकावं.

*

एकत्र केलेलं मॉडेल चाललं तेव्हा उत्तर इतकं स्वच्छ आलं की सर उभे राहिले. मका भरपूर, खत भरपूर, आणि शेळ्या? शून्य. एक नाही, दोन नाही, चारही गावांत शून्य. शेळी ठेवली की घर तोट्यात.

सरांनी पेढे मागवले. इतकी वर्षं आमची उत्तरं 'यावर अवलंबून, त्यावर अवलंबून' अशी यायची. हे पहिलंच ठणठणीत उत्तर होतं. पेढ्यांचा बॉक्स जिन्यापर्यंत गेला तेव्हा इंगळ्यांनी घेतला नाही. ते एवढंच म्हणाले, "शेळी तोट्यात जाते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय."

आम्हाला वाटलं, माणूस खुर्चीच्या रागाने बोलतोय. रिपोर्ट गेला. शेळ्या विकून खत घ्यावं, असं त्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात होतं.

*

चूक मला सात-आठ महिन्यांनी सापडली, तीही शोधत नसताना. सरांना एका भाषणासाठी रंगीत चार्ट हवा होता. महिन्यांची नावं टाकायला मी जुने फॉर्म काढले, आणि हात थांबला.

मलावीत पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो. एस्तेरबाईंनी फार पूर्वी तसं कळवलं होतं, म्हणून पीक विभागात आम्ही वर्षाचा पहिला महिना नोव्हेंबर धरला होता. पशुधनवाल्यांनी धरला जून. का? तर पाऊस जूनमध्ये येतो, हे ग्वाल्हेरात लहान पोरालाही ठाऊक असतं! दोघांच्याही फायलींत महिन्यांची नावं नव्हती, नुसते आकडे होते. मी त्यांचा एक माझ्या एकाला जोडला, दोन दोनाला जोडला.

जूनमध्ये तिथे मक्याची कापणी होऊन गेलेली असते. शेळ्या मोकळ्या रानात सोडतात, उरलेली धाटं त्या फुकटात खातात. आमच्या मॉडेलने त्याच शेळ्या नोव्हेंबरच्या नुकत्याच पेरलेल्या शेतात उभ्या केल्या. तिथे खायला नुसती माती. मग मॉडेल त्यांच्यासाठी बारमाही चारा विकत घेत बसलं.

महिने जुळवून पुन्हा चालवलं. चहा निवायच्या आत उत्तर आलं. प्रत्येक घरात शेळ्या.

मी उठून जिन्याकडे गेलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. इंगळ्यांनी दोन्ही कागद पाहिले, चष्मा काढला आणि पुष्कळ वेळ पुसला.

"हे बघ वसंत, जून माझा," ते मला म्हणाले. "पण जोडलं तू. मतलब दोघांचं आहे."

आम्ही दोघांनी सरांना सांगायला तीन आठवडे लावले. सरांनी ऐकून घेतलं, घाम पुसला, आणि म्हणाले की पुढच्या रिपोर्टात दुरुस्ती घालू. पुढचा रिपोर्ट वर्षाने निघाला. दुरुस्ती परिशिष्टात होती, बारीक अक्षरात, 'कालगणनेतील किरकोळ फेरबदल' म्हणून. सरांनी शब्द विचारला आणि 'किरकोळ' मी सुचवला.

एस्तेरबाईंना मी वेगळं पत्र लिहायला घेतलं होतं. 'प्रिय बाई' पर्यंत झालं. मला शरम वाटत होती, आणि शरमेने जे व्हायचं तेच झालं. कामं निघत गेली.

*

त्यानंतरच्या हिवाळ्यात संस्थेत कार्यशाळा झाली आणि एस्तेरबाई स्वतः ग्वाल्हेरला आल्या. पन्नाशीच्या, उंच, सावकाश बोलणाऱ्या. इंगळ्यांनी त्या तीन दिवसांची रजा टाकली. म्हैस व्यायलीय म्हणाले. सरांनी भाषणात एस्तेरबाईंचे आभार मानले, शाल दिली, आणि संध्याकाळच्या जेवणाचं माझ्यावर सोपवलं, कारण बाईंना हॉटेलचं तिखट सोसत नव्हतं.

मी त्यांना माधवगंजात घरी आणलं. आईने टेबल असूनही पाट मांडला, कारण पाहुणी परदेशातली. एस्तेरबाई पाटावर छान बसल्या, आमच्या नव्या सुनांपेक्षा छान. आईला इंग्रजी येत नाही आणि त्यांना मराठी, तेव्हा मधे मी.

वाटेत मी ठरवलं होतं की आज सांगायचं. आमचे महिने चुकले होते, असं सरळ एक वाक्य. आमटी वाढली तेव्हा सांगणार होतो, मग भात आला तेव्हा.

आई म्हणाली, "विचार ना तिला, घरी गाय-बकरी काही आहे की नाही? शेतीवाली आहे ना ती."

मी विचारलं.

एस्तेरबाईंनी घास खाली ठेवला. सात होत्या, म्हणाल्या. तुमचा रिपोर्ट आला तेव्हा बायका ऐकेनात. त्यांच्या आज्यांपासून शेळ्या आहेत, त्यांना पटेना. मग मी माझ्या सातही आधी विकल्या, बाजाराच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्यांना विका म्हणायचं आणि आपल्या दारात बांधून ठेवायच्या, हे बरं दिसलं नसतं. त्यानंतर सगळ्यांनी विकल्या.

माझ्याकडे बघून त्या हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता. त्यांना परिशिष्ट मिळालंच नव्हतं.

"काय म्हणाली रे?" आईने विचारलं. "एवढं लांबलचक?"

"आमटी आवडली म्हणते."

"मग बसलायस काय? वाढ ना तिला."

मी वाढली.