ऊदाच्या दांडीवरचे पडदे

ग्रीक पाहुण्यांनी पेटी उघडली, ऊद बाहेर काढला आणि ते त्याच्या दांडीकडे पाहतच राहिले. दांडीवर नऊ पितळी पडदे होते. दुरुस्तीला दिला तेव्हा एकही नव्हता.

दुपारचे बारा वाजले होते. पाच वाजता कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान होतं, अध्यक्ष कलेक्टर. व्यवस्था आमच्या साप्ताहिकाकडे. मी तिथे नवा रिपोर्टर, नोकरी अजून कच्ची. संपादकांनी सकाळीच बजावलं होतं, "राव, आज गोंधळ झाला तर सोमवारी ऑफिसला येऊ नका."

पाहुणे कलकत्त्याचे व्यापारी. जन्म कॉन्स्टँटिनोपलचा. बायझंटाइन साम्राज्याची ती राजधानी. पुढे तुर्कांनी घेतली. लहानपणी ते चर्चमध्ये बायझंटाइन परंपरेचं गाणं शिकले आणि शेजारच्या तुर्क उस्तादाकडे ऊद. या दोन संगीतांची तुलना हाच व्याख्यानाचा विषय. ऊद म्हणजे अरब-तुर्कांचं आखूड दांडीचं, फुगीर पोटाचं तंतुवाद्य. मद्रासहून रेल्वेने येताना त्याची दांडी पोटापासून सुटली. ते मी वीणा करणाऱ्या आसारींकडे नेऊन दिलं आणि म्हणालो, "काय काय गेलंय ते पाहून सगळं नीट करा."

आसारींनी पाहिलं. वीणेचे पडदे मेणात बसवतात; उन्हाने मेण सुटलं की ते गळतात. याचेही गळाले असतील, असं त्यांनी धरलं आणि नवे बसवले.

जटकागाडी करून आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. एकाची इंग्रजी, दुसऱ्याची तमिळ, मध्ये मी.

"पडदा सुराला एका जागी बांधतो," पाहुणे म्हणाले. "माझे बरेच सूर दोन पडद्यांच्या मधले आहेत. चर्चच्या गाण्यातलेही आणि मकामातलेही." मकाम म्हणजे साधारण आपला राग.

"मग तार ओढा की! आम्ही मधला सूर तसाच काढतो."

पाहुण्यांनी ओढून पाहिली. ऊदाच्या तारा तातेच्या, म्हणजे आतड्याच्या, आणि जोडीजोडीने लावलेल्या. एक इकडे गेली, एक तिकडे. आसारी हसले. "कळलं. धावणाऱ्याला कुबडी दिली मी."

पाहुणे हसले नाहीत. "पडदे बसवायला यांना सांगितलं कोणी?"

हा प्रश्न मलाच तमिळमध्ये विचारायचा होता. विचारला. आसारींनी माझ्याकडे एकवार पाहिलं.

"कुणी नाही म्हणावं. माझाच हात शिवशिवला."

मी तेवढंच इंग्रजीत सांगितलं.

आसारी लगेच कामाला बसले. गरम सुरीने सात पडदे तासाभरात निघाले. उरलेले दोन सांध्याजवळ होते. तिथे उष्णता लागली असती तर ताजा सरस सुटला असता. वीणेची तार करवतीसारखी फिरवून त्यांनी ते मेण थंडच कापलं. त्याला दोन तास गेले. चार वाजता ऊद मोकळा झाला.

व्याख्यान वेळेवर सुरू झालं. पाहुण्यांनी सांगितलं, बायझंटाइन राजवाड्यात ऑर्गन वाजे, पण चर्चमध्ये फक्त माणसाचा गळा. मशिदीतही वाद्य नाही. ऊद दरबारात, मैफलीत. देवापुढे दोघांनीही वाद्यं दाराबाहेर ठेवली. चर्चचं गाणं म्हणताना खाली कोणीतरी एकच सूर धरून राहावा लागतो. त्यांनी आसारींना मंचावर बोलावलं आणि स्वतः गाऊ लागले. आसारींनी सूर धरला तो शेवटपर्यंत हलला नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अहो, ही तर श्रुती!" तंबोऱ्याच्या आधारसुराला तिकडे श्रुतीच म्हणतात. समोरचे विद्वान माना डोलावू लागले. मग ऊद वाजला. मधले सूर सगळ्यांना ऐकू आले.

सोमवारी मी संपादकांना खरं काय ते सांगितलं: "सगळं नीट करा" असं मीच म्हणालो होतो. पाहुण्यांनाही पत्र लिहिलं.

"हे शनिवारी बारा वाजता कळतं तर काढलं असतं तुम्हांला," संपादक म्हणाले. "आता रिपोर्ट द्या. दीड कॉलम. आसारींचा उल्लेख हवा."

उल्लेख केला. छापील अंक घेऊन आभार मानायला गेलो, तर आसारी म्हणाले, "राव, तुम्ही तमिळ बरी बोलता. पण निरोप अर्धाच देता."

त्या ऑफिसात मी निवृत्त होईपर्यंत राहिलो, तो त्यांच्या "माझाच हात शिवशिवला" या एका वाक्यामुळे. वस्तू दुरुस्तीला देताना काय मोडलंय ते सांगावंच. काय मोडलेलं नाही तेही सांगावं.