यादीतली न सापडणारी डिस्क

पारनेरकडच्या एका शाळेतला कॉम्प्युटर परवा सुरू होता होता अर्ध्यातच अडला. चालू होताना आपल्या यादीतल्या सगळ्या डिस्क जागेवर आहेत का, हे तो आधी बघतो. शाळेच्या जुन्या फोटोंची डिस्क बिघडली म्हणून पुण्याला दुरुस्तीला गेली होती, यादीत मात्र तिचं नाव होतंच. ती सापडेना, म्हणून गडी पुढे सरकेना. काळ्या पडद्यावर पासवर्ड मागत हटून बसला, म्हणून दुरुस्तीला मला बोलावलं होतं.

"काढून टाका ना ती ओळ," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "ती आता कुठली परत येतेय!"

बाईंचं काही चुकलं नव्हतं, तरी माझं डोकं सटकलं. "येईल की! खोडायची एवढी घाई कशाला?" मी इतक्या जोरात बोललो की चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला.

मग माझी मलाच लाज वाटली. ओळ तशीच ठेवली आणि तिला एक शब्द जोडला. त्याचा अर्थ एवढाच, की ही नसली तरी अडू नकोस, आली की घे जोडून. कॉम्प्युटर सुरू झाला, बाई खूश झाल्या. आणि मी चहा पिता पिता पाथर्डीकडच्या माझ्या चौथीच्या वर्गात जाऊन पोचलो.

दिवाळी झाली की आई-बाप कोयते घेऊन श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला निघायचे. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून मीही त्यांच्याबरोबर. उसाच्या फडात मला एकच धास्ती असायची, की गुरुजींनी हजेरीतून आपलं नाव खोडलं असेल. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "खोडलं तर खोडलं. तुजा कोयता काय हजेरी बघून चालनार हाय व्हय?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला रडू फुटलं. नाव गेलं तर नव्यानं घालायला तो काही शाळेची पायरी चढणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चैत्रात आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत पाऊल टाकायचा धीर होईना. गुरुजी मान खाली घालून हजेरी घेत होते. एकेक नाव पुढे सरकत होतं आणि मी कान देऊन ऐकत होतो.

त्यांनी माझं नाव घेतलं.

"उसाला गेलाय, गुरुजी!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. रोज म्हणून म्हणून पोरांना ते पाठच झालं होतं. गुरुजींनीही वर न बघता पुढच्या नावावर बोट ठेवलं.

"हजर!" मी दारातून ओरडलो. आवाज चिरकला.

गुरुजींनी मान वर केली, चष्म्यावरून मला बघितलं.

"बस खाली," ते म्हणाले. "आज उशीर केलास."