चर्च नको, शेगडी दाखव

ब्लाझेना स्पाचिलोवा प्रोस्त्येयोव या चेक गावातल्या कपड्यांच्या कारखान्यात कोट बेतायची. हात सरळ, नजर बारीक आणि बोलणं बेताचं. कारखान्यात हौशी लोकांचं एक फोटो मंडळ होतं. त्यात ती लग्नाआधीच शिरली, मंडळातली एकमेव बाई म्हणून. बाकीचे पुरुष चहा कोण करणार हे ठरवून मोकळे झाले होते. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "चहा मला येत नाही. फिल्म धुता येते." येत होती, नव्हती, देव जाणे, पण नंतर आली.

तिचा कॅमेरा शेजारच्याच प्रेरोव्ह गावात बनलेला, दोन डोळ्यांचा, डब्यासारखा. तो पोटाशी लटकवायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. समोरच्याला वाटायचं, बाई काहीतरी हरवलेलं शोधतेय. काचेत उजवं डावीकडे दिसायचं, त्याची सवय व्हायला वर्ष गेलं. एका रोलमध्ये बाराच फोटो निघत, म्हणून ती उगाच बटण दाबत नसे.

नवरा ओल्ड्रिख, सगळ्यांचा ओल्डा, बसडेपोत मेकॅनिक. त्या काळी जाता येई ते बुडापेस्टला, क्राकोवला, फार तर ड्रेस्डेनला. कुठेही गेलं की ओल्डा पुलाच्या नाहीतर राजवाड्याच्या पुढ्यात जाऊन उभा.

"पोट कापू नकोस हं," तो ओरडायचा.

"पोट कापलं तर उरेल काय?" ती म्हणायची. एक फोटो नवऱ्याचा काढायची आणि बाकीचे तिला हवे ते: वाळत घातलेले कपडे, पावाच्या दुकानासमोरची रांग, ट्रामची वाट बघत डुलक्या घेणारी म्हातारी. मंडळातले लोक ते फोटो बघून म्हणत, "बाई बुडापेस्टला गेली होती की मागच्या गल्लीत?"

तिची आई हर्मिना दुसऱ्या मजल्यावर राहायची. आयुष्यभर तिने लोकांच्या घरचे कपडे धुतले होते, त्यात कंबरेचा चुराडा झालेला. दोन मजले उतरणं म्हणजे तिच्यासाठी डोंगर. ती खिडकीत बसायची आणि मुलाची आठवण काढायची.

मुलगा म्हणजे लुडविक, ब्लाझेनाचा थोरला भाऊ. ज्या वर्षी रशियन रणगाडे देशात घुसले, त्याच वर्षी तो ऑस्ट्रियात उतरला आणि तिथून बेल्जियमला, अँटवर्प बंदरात. त्याच्यापायी हर्मिनाला चौकशीला बोलावलं, ब्लाझेनाची बढती गेली. दोघींनी त्याच्या नावाने कधी बोटं मोडली नाहीत. दर नाताळला त्याचं रंगीत चित्रांचं कार्ड यायचं. कधी उंच मनोऱ्याचं चर्च, कधी बंदर, कधी महालासारखं रेल्वे स्टेशन. मागे चार ओळी: जहाज कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहे, बाल्कनीचं घर घेतलं, तब्येत उत्तम.

मग कम्युनिस्ट सरकार कोसळलं, सरहद्दी उघडल्या. ज्यांची मुलं बाहेर होती, त्यांची मुलं मोठमोठ्या गाड्या घेऊन आली, चॉकलेटं वाटून गेली. लुडविक आला नाही. काम फार आहे, असं कार्डावर लिहिलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या लोकांनी पॅरिस आणि बेल्जियमची बस काढली. प्रवासात झोप बसमध्येच, खाणं घरचंच. अँटवर्पला एक दुपार थांबणार होती. ब्लाझेनाने भावाला कळवलं आणि आईला विचारलं, "तुझ्यासाठी काय आणू?"

"फोटो आण," हर्मिना म्हणाली. "पण चर्च नको. चर्चं माझ्याकडे कपाटभर आहेत. तो कुठे झोपतो ते आण. पाव कुठून घेतो? शेगडी कसली आहे? शेगडी दाखव मला, म्हणजे तो काय जेवतो ते मला कळेल."

आणि तिने मुलासाठी एक डबा दिला. त्यात आपल्याकडचं ते चकत्यांचं पिवळं चीज होतं, त्वारूझ्की. लुडविकचा जीव की प्राण. पण त्याला असा वास, की घरातली मांजरं घर सोडतात. डबा तीन पिशव्यांत गुंडाळला, तरी जर्मनी अर्धी ओलांडायच्या आत ड्रायव्हरने बस बाजूला घेतली.

"कुणी बूट काढलेत? मुकाट्याने घाला!"

कुणीच बूट काढले नव्हते. सगळे एकमेकांच्या पायांकडे बघू लागले. ओल्डाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अखेर मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "बूट कसले, त्वारूझ्की आहेत! माझ्या नाकाला फसवायचं नाही. अहो स्पाचिलोवाबाई, मेलेल्याचे बूट परवडले."

"माझ्या भावासाठी आहेत," ब्लाझेना म्हणाली. "बावीस वर्षांत खाल्ले नाहीत त्याने."

ड्रायव्हरने नाक पुसलं. "बावीस वर्षं? मग राहू दे. पण डबा खाली, सामानाबरोबर. आणि भाऊ घ्यायला आला नाही, तर तो डबा घेऊन तुम्ही बेल्जियममध्येच राहायचं."

पॅरिसमध्ये ओल्डाला त्या लोखंडी मनोऱ्यासमोर एकदाच उभं केलं. उरलेली सकाळ ती नदीकाठी हिंडली. पुस्तकवाल्याच्या पेटीखाली झोपलेलं कुत्रं, पाण्यात पाय सोडून जेवणारे गवंडी, दारातली पायरी घासणारी बाई. ओल्डा मागून कुरकुरत होता, "लोक विचारतील पॅरिस कसं आहे, तर आपण दाखवणार पायरी."

अँटवर्पला भाऊ स्टेशनसमोर उभा होता. केस पांढरे, दाढी घोटलेली, अंगावर उंची लोकरीचा कोट, उन्हाळ्यात. दोघांनी मिठी मारली, रडून झालं. ब्लाझेनाचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि त्या हाताने परस्परच ओळखलं, की कोट याच्या मापाचा नाही. खांद्याची शिवण चार बोटं खाली आली होती. ओल्डाला बसपाशी ठेवून, डबा घेऊन दोघं निघाली.

लुडविकने तिला रुंद रस्त्यांनी नेलं आणि एका मोठ्या घरापुढे थांबवलं. वर बाल्कनी, खाली पितळी कडीचं दार.

"हे बघ आपलं घर. आत रंगकाम काढलंय, पाय ठेवायला जागा नाही. नाहीतर नेलं असतं."

"मग दारात उभा राहा, आईसाठी काढते."

तो पायरीवर उभा राहिला. तिने मान खाली घातली, काचेत त्याला मधोमध घेतलं. तेवढ्यात काचेत दार उघडलं. हातात कुत्र्याचा पट्टा धरलेली एक म्हातारी बाहेर आली, लुडविककडे बघून काहीतरी विचारू लागली. लुडविकने टोपी काढली, दोनदा वाकला, पायरी उतरला. म्हातारी कुलूप लावून निघून गेली. त्याने टोपी काढली, तेव्हाच ब्लाझेनाचं बोट बटणावर दाबलं गेलं होतं.

"कोण ही?" तिने विचारलं.

"शेजारीण."

"शेजारणीकडे तुझ्या दाराची किल्ली?"

लुडविकने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग म्हणाला, "तू लहानपणापासूनच चोंबडी आहेस, ब्लाझे."

"आईने शेगडी बघायला सांगितलीय. मी शेगडी बघितल्याशिवाय बसमध्ये चढणार नाही. हवं तर पोलिसांना बोलाव."

तो हसला, पण ते हसू धड टिकलं नाही. मग दोघं अरुंद गल्ल्यांतून गेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची एकच खोली होती. खाट, टेबल, मोरी, खिडकीत कांद्याची पात. जहाज कंपनीत तो होता हे खरं, पण गोदामावर राखणदार म्हणून. कोट गोदामाच्या साहेबाने टाकून दिलेला. एक बेल्जियन बायको होती, ती केव्हाच सोडून गेली होती.

"पहिल्या वर्षी लिहिलं, की साहेब झालो," तो खाटेवर बसून म्हणाला. "वाटलं, होईनच पुढेमागे. माझ्यापायी तुमचे हाल झाले, मग निदान इथे काहीतरी घडायला नको? नंतर ते मागे कसं घ्यायचं ते कळेना. मी आलो असतो गं. पण गाडी नाही, काही नाही. गल्लीत चालत कसा येऊ?"

"पायांनी," ब्लाझेना म्हणाली. तिने डबा उघडून टेबलावर ठेवला.

वास खोलीभर पसरला. लुडविकने डोळे मिटले. कांदा कापला, पाव कापला, आणि उभ्यानेच खायला लागला, बोटं चाटत. खालून सायकलवाल्याने ओरडून काहीतरी विचारलं. "तो म्हणतोय, गटार फुटलं का?" लुडविकने भरल्या तोंडाने सांगितलं.

तिने कॅमेऱ्याचं वरचं झाकण उघडलं, तसा त्याचा हात थांबला. "इथले काढू नकोस. आईला ते घर दाखव. तिचं आता किती राहिलंय?"

"काढते. दाखवायचे की नाही ते नंतर बघू. तू खा."

आणि तिने उरलेले फोटो काढले. दोन बर्नरची शेगडी, तिच्यावर उपडं ठेवलेलं भांडं. चादर ताणून घातलेली खाट. कोपऱ्यावरचं पाववाल्याचं दुकान. खिडकीपाशी उभा राहून खाणारा भाऊ.

घरी आल्यावर रविवारी दुपारी न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून, टबावर फळी टाकून तिने फोटो छापले. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये आधी ते मोठं घर वर आलं, मग शेगडी. ओल्डा दाराबाहेरून म्हणाला, "घराचाच दाखव. बाकीचे फाड. म्हातारीला सुखाने मरू दे."

"खोटा फोटो मी आजवर काढला नाही."

"खोटा कुठे? घर खरं आहे, भाऊ खरा आहे."

आठवडाभर फोटो पाकिटात राहिले आणि ती आईला सांगत राहिली, की कागद संपलाय. हर्मिनाने शेवटी ओल्डालाच पकडलं. "माझ्या पोरीला खोटं बोलता येत नाही, तिच्या नाकपुड्या फुगतात. फोटो आहेत ना? आण म्हणावं, सगळे."

ब्लाझेना गेली. आईसमोर सगळे फोटो मांडले, एकही मागे न ठेवता. हर्मिनाने भिंग घेतलं. मोठ्या घराचा फोटो बराच वेळ बघितला.

"कोणाचं घर हे?"

"आई..."

"आपल्या दारात माणूस असा उभा राहतो? टोपी हातात घेऊन? मी चाळीस वर्षं लोकांच्या दारात अशीच उभी राहिलेय." तिने तो फोटो बाजूला सारला आणि शेगडीचा उचलला. "ही त्याची. भांडं उपडं घालायला मी शिकवलंय." मग खिडकीपाशी खाणाऱ्या मुलाचा घेतला. हाताची बोटं त्याच्या तोंडावरून फिरवली. "वाळलाय. पण खातोय नीट." आणि मग रडली, चांगली मोकळी रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "त्याला कळव, मी शेगडी बघितली. आता लपायचं काही राहिलं नाही, ये म्हणावं."

लुडविक लगेच आला नाही. नाताळला आला नाही, ईस्टरला आला नाही. त्या काळात हर्मिना जरा खचली. ब्लाझेनाला रोज वाटायचं, आपणच बहीण-भावांतला धागा तोडला. उन्हाळ्यात एके दिवशी तो रेल्वेने आला, एक बॅग घेऊन, आणि स्टेशनपासून चालत आला. हर्मिनाने त्याला आधी जेवायला घातलं, मग त्याचा कान पिळला. तो वयाने पन्नाशीला टेकलेला. आठवडाभर राहिला, आईला दोनदा पाठुंगळी घेऊन खाली अंगणात आणलं, आणि परत गेला. "माझी खोली तिथे आहे," तो म्हणाला. "सायकलवाला वाट बघत असेल." त्यानंतर तो दर उन्हाळ्यात यायचा, आई गेली त्या वर्षापर्यंत, आणि नंतरही.

हर्मिनाने शेगडीचा फोटो खाटेशेजारी लावला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. त्यातूनच जिन्यातल्या म्हाताऱ्यांनी ब्लाझेनाला गाठलं. खालच्या मजल्यावरची क्वेटा बाई म्हणाली, "तुम्ही लिंत्सला जाताय ना बसने? माझी लेक तिथे दिली आहे. तिची स्वयंपाकघराची खिडकी तेवढी काढून आणा. बाहेर झाड आहे म्हणते. खरंच आहे का बघा." दुसऱ्या कुणाचा नातू म्युनिकला, कुणाची बहीण त्रिएस्तला. ब्लाझेना वर्षातून दोन सहली करायची, आणि प्रत्येक शहरात निदान एका अनोळखी दाराची घंटा वाजवायची. ओल्डा बरोबर असायचा, हातात कुणाचा तरी डबा घेऊन. बसवाले आता त्यांचं सामान आधी हुंगायचे.

पुढे मंडळाने गावच्या सभागृहात तिचे फोटो लावले. त्रिएस्तची मोरी, म्युनिकचा जिना, लिंत्सचं झाड. लोक चहा पीत हिंडले. शाळेतल्या एका शिक्षकाने विचारलं, "व्हिएन्ना कुठेय?" ब्लाझेनाने तिथल्या एका घरातल्या दोन खुर्च्यांचा फोटो दाखवला. शिक्षक जवळ जाऊन बघत राहिले आणि म्हणाले, "खुर्च्या चांगल्या आहेत."

निवृत्तीनंतर ती क्वेटा बाईंच्या लेकीकडे पुन्हा लिंत्सला गेली. क्वेटा बाई तोवर वारल्या होत्या, कुणी काही मागितलं नव्हतं. लेकीने दार उघडलं, गळ्यातला कॅमेरा बघितला आणि म्हणाली, "आज कुणासाठी?"

"कुणासाठी नाही," ब्लाझेना म्हणाली. "बस इथून जात होती."

"मग तो काढून ठेवा आणि हात धुऊन या. सूप तयार आहे."

ब्लाझेनाने कॅमेरा खुंटीला अडकवला आणि आत जाऊन बसली. सूपमध्ये लिव्हरचे गोळे होते. मीठ जरा कमी पडलं होतं, तसं तिने सांगितलं, आणि लेकीने मिठाची वाटी पुढे केली.